समुद्रात धुतलेलं कारपेट

मला गाडी लागत नाही. फोंड्याच्या घाटात अर्धी यष्टी खिडकीबाहेर माना काढून बसलेली असताना मी कांदाभजी खाल्लेली आहेत, वर हात पुसायला शेजारणीकडे कागदही मागितलेला आहे. आमच्या घरात हे सगळ्यांना ठाऊक. आईला तर जास्तच, कारण भजी तिनेच बांधून दिली होती.

आमचं घर तोंडवलीला, सुरूच्या बनाला लागून. पाठीच्या दुखण्याने बाबांनी होडी सोडली. तेव्हा कोकणात रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि मुंबईहून आलेली माणसं स्टेशनावर उतरून बावचळून उभी राहायची. बाबांनी एक जुनी पांढरी, गोल पाठीची गाडी घेतली आणि त्या माणसांना गावोगाव पोचवायला लागले. आई मात्र पूर्वीसारखीच रोज मालवणच्या बाजारात मासे विकायला बसायची.

गाडीच्या आधीच्या मालकाने हौसेने आत जाड सुती कारपेट शिवून घेतलं होतं, पिकल्या कोकमाच्या रंगाचं. दुपारी गाडी बनात उभी असली की मी चपला काढून पुढच्या लांब सीटवर जाऊन बसायची. पाय त्या कारपेटात रुतवायचे आणि डोळे मिटायचे. सुरूची सळसळ कुठली नि लाटांचा आवाज कुठला, हे थोड्या वेळाने कळेनासं व्हायचं आणि उभी गाडी हळूच निघाल्यासारखी वाटायची. कुठे निघाली हे मी कधी विचारलं नाही. अकरावीतल्या मुलीला कुठेही चालतं.

आणि मग तो दिवस. तो काही केल्या धूसर होत नाही, मेला.

बाबा स्टेशनावरून एका नवराबायकोला घेऊन येत होते. मालवणात कॉलेजपाशी त्यांनी मला उचललं, पुढे बाजारापाशी आईला. मी खिडकीशी, आई मध्ये, बाबा स्टिअरिंगवर. आईची रिकामी पाटी तिच्या पायांपाशी, कारपेटावर. तिने ती विहिरीवर धुतली होती, तरी पाणी निथळत होतंच. गाव सोडलं नाही तोच मागची बाई नाकाला पदर लावून म्हणाली, "शी! कसला हा वास? या गाडीतून तुम्ही मासळी नेता की काय?"

बाबा काही बोलले नाहीत. आई काही बोलली नाही. आणि मी, माशाच्या पैशांवर कॉलेजात जाणारी मी, हँडल फिरवून काच खाली घेतली.

आईने माझ्या हाताकडे बघितलं. फक्त हाताकडे, तोंडाकडे नाही. पुढच्या वळणावर ती म्हणाली, "हयसर थांबवा वायच. माका एकाकडे जावचा आसा." पाटी काखेत मारून ती उतरली. त्या वळणावर आमच्या ओळखीचं काळं कुत्रंही राहत नव्हतं. ती तिथून चालत घरी आली, दिवेलागणीला, आणि आल्या आल्या भात टाकला.

त्यानंतर सहा वर्षं ती त्या गाडीत बसली नाही. लग्न असो, जत्रा असो, कुणाला बघायला दवाखान्यात जायचं असो, आम्ही गाडीने आणि ती यष्टीने. कितीही सांगा, एकच उत्तर. "गाडी गिऱ्हाइकाची. माजे पाय माका आसत." रागाने नाही हो, अगदी साध्या आवाजात. रागाने म्हणाली असती तर मी भांडले तरी असते. भांडण मला येतं. हे असं गप्प राहणं आमच्या घरात कुणाला सोसत नव्हतं आणि मोडताही येत नव्हतं.

कारपेटाचा रंग त्या सहा वर्षांत उडाला. ऊन, वाळू, लोकांचे ओले पाय. कोकमाची शिळी सोलकढी झाली. पण पुढच्या सीटसमोर, आईची पाटी जिथे ठेवली होती तिथे, पांढुरका गोल डाग राहिला तो राहिलाच. बाबा रोज गाडी पुसायचे आणि त्या गोलावर फडकं जरा जास्त वेळ फिरवायचे. मी बघायची आणि बघितलं नाही असं दाखवायची.

मग मला ओरोसला सरकारी कचेरीत नोकरी लागली. कागद हातात आला त्या संध्याकाळी बाबा म्हणाले, "हजर होवक तिघांय जावया. गाडयेन." आई तांदूळ निवडत होती. "तुमी दोघां गाडयेन जावा. मी यष्टीन येतंय मागसून."

बाबा उठले आणि बाहेर गाडीपाशी जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मग दार उघडून त्यांनी त्या गोल डागावर हात ठेवला. त्यांच्या मनात काय आलं ते मला तेव्हाच कळलं. तो डाग गेला, कारपेट पहिल्यासारखं झालं, की ती बसेल. माफी मागणं त्यांना जमणारं नव्हतं. रंगवणं जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सावंतवाडीला गाडीच्या सीटा शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याला आम्ही गाठलं. त्याने छान समजावलं. सीटा काढा, कारपेट उचकटा, वाळू झाडा, साबणाने धुऊन खडखडीत वाळवा. मग रंग ब्रशने पातळ पातळ चढवा, एक हात वाळला की दुसरा, आणि लव उभी राहील असं वर विंचरा. बाबांनी प्रत्येक वाक्याला मान हलवली, सुती कापडाच्या रंगाच्या आठ पुड्या घेतल्या आणि घरी येऊन सगळं स्वतःच्या पद्धतीने केलं.

स्वतःची पद्धत म्हणजे जाळी रंगवायची पद्धत. नायलॉनची जाळी यायच्या आधी आमच्याकडे सुती जाळी ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळून काढायचे, म्हणजे ती कुजत नसत. त्यासाठीची काळीकुट्ट मोठी काहील मागल्या दारी पालथी पडलेली होती. बाबांनी ती सुलटी केली, तीन दगडांवर चढवली आणि मला म्हणाले, "वाच गो, पुडयेर काय लिवला हा."

मी वाचलं. रंग कढत पाण्यात विरघळवा, मूठभर मीठ घाला.

"मीठ?" बाबा म्हणाले. "दारात एवढो दर्यो आसा, आणि मीठ विकत हाडू?"

आणि सांगते, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली मी. आम्ही दोघांनी कळश्या भरभरून समुद्र आणला आणि काहिलीत ओतला.

ती दुपार मला अजून स्वप्नात येते. वैशाखाचं ऊन, वारा पडलेला, काहिलीतून जुन्या सालीचा तुरट वास वर येतोय आणि लाल वाफेत बाबा दांडक्याने कारपेट खालवर करतायत. मध्येच ते गुणगुणत होते, शब्द नसलेलं काहीतरी. मी त्यांना गुणगुणताना त्याआधी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, ही दुपार संपूच नये, आई बाजारातून येऊच नये, आम्ही असेच ढवळत राहावं आणि सगळं उडालेलं परत येत राहावं.

पुडीवर पुढे लिहिलं होतं, स्वच्छ पाण्यात तीनदा खळबळून काढा. बाबांनी ते समुद्रात खळबळलं, जाळं खळबळतात तसं, गुडघाभर पाण्यात उभं राहून. कोकमाचा रंग लाटेत सुटला, लांबवर गेला, परत आला आणि माझ्या पायांभोवती फिरला. किनाऱ्यावरून कुणीतरी ओरडलं, "काय रे, देवमासो कापतस काय?" बाबा हसले. मग आम्ही ते वाळूवर पसरलं, आमच्याकडे सगळं जिथे वाळतं तिथेच, सुकटीच्या शेजारी.

संध्याकाळपर्यंत ते पापडासारखं कडक झालं. आणि रंग! काय सांगू, पहिल्या दिवसाहून गडद. गोल डागाचा मागमूस नाही. बाबांनी ते जागच्या जागी बसवलं, सीटा आवळल्या आणि पोरासारखे गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. आईने ओट्यावरून बघितलं. "बरो दिसता रंग," एवढंच म्हणाली. बसते म्हणाली नाही.

हजर व्हायच्या दिवशी पहाटे मी गाडीचं दार उघडलं आणि दोन पावलं मागे आले. मिठाने रात्रभर हवेतली सगळी ओल ओढून घेतली होती. कारपेट ओलं गच्च. आणि वास? ओहोटीचा चिखल, सुकट आणि सालीचा काढा, एकत्र.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, गोड्या पाण्यात एकदा तरी काढूचा नाय? आता ती जन्मात बसाची नाय!" मी नको ते नको ते बोलले. पाणी आणलं होतं मीही, हे सोयीस्कर विसरले. बाबा दाराला धरून उभे होते, उघड्या तोंडाने. इतकं हरलेलं माणूस मी आजवर बघितलेलं नाही. मला माझीच लाज वाटली आणि तरी तोंड थांबेना.

तेवढ्यात आई नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन यष्टीसाठी निघाली. गाडीपाशी आली आणि थांबली. तिने नाक वर केलं. वाकून कारपेटावर तळवा दाबला. तळवा लाल झाला.

"कित्याचा पाणी वापरलात?"

"दर्याचा," बाबा म्हणाले.

"आणि सुकत खंय घातलात?"

बाबांनी नुसतं वाळूकडे बोट दाखवलं.

आई हसायला लागली. आधी दबून, मग पिशवी खाली ठेवून, मग डोळ्यांना पदर लावून. "सा वर्सां मी हेच्यात बसाक नाय, माजो वास लागात म्हणान," ती म्हणाली, "आणि तुमी आख्खो दर्योच हाडून घातलात!"

बाबा खाली बघून म्हणाले, "त्या दिवशी माका बोलाक व्हया होता."

"व्हया होता," आई म्हणाली. "सरका आता."

तिने चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी पायांनी आत शिरली. मध्ये बसली, तिच्या जुन्या जागेवर. बाबा स्टिअरिंगवर, मी खिडकीशी. ओल्या कारपेटाचा रंग तिच्या तळव्यांना लागत होता आणि ती पाय हलवून हलवून बघत होती.

मी काच बंद ठेवली. मालवण गेलं, कट्टा गाव गेलं, ऊन चढलं. आत वास दाटत होता, घामाने माझी नवी साडी पाठीला चिकटली होती, बाबा मान पुसत होते. मी हँडलला हात लावला नाही. मरेन पण लावणार नाही असं ठरवूनच बसले होते. बाहेर काजूच्या बागा काचेमागून सावकाश मागे जात होत्या आणि मला कळत नव्हतं की मी बावीस वर्षांची आहे की सोळा.

कसालच्या अलीकडे आई म्हणाली, "उघड गो ती काच."

"नको."

"उघड. त्या दिवशी तुका गाडी लागली होती, म्हणान उघडलंस."

म्हणजे सहा वर्षं तिने माझ्यासाठी ते कारण जपून ठेवलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"आये," मी म्हटलं, "माका गाडी लागत नाय."

तिने लाल झालेला तळहात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"म्हायत आसा माका," ती म्हणाली. "उघड तरी."