राहून गेलेली जोडाक्षरं

माझी मोठी मुलगी पहिलीतच वाचायला लागली होती. आमचं गाव मोर्शीच्या बाजूचं, घरी भाजीपाल्याची शेती. दुपारी आम्ही नवराबायको ओसरीत सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसायचो आणि ती रद्दीच्या पेपरातले मोठे मथळे अक्षर-अक्षर लावून वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची. "हे आमाले अजून शिकवलं नाही," म्हणायची. जोडाक्षरं दुसरीत शिकवणार होते.

दुसरीची शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी तिचे डोळे सुजलेले दिसले. आम्हाला वाटलं, काहीतरी चावलं असेल. मग पाय सुजले, पोट फुगलं, फ्रॉकची बटणं लागेनात. मोर्शीच्या डॉक्टरांनी अमरावतीला पाठवलं. तिथे कळलं की किडनीचा आजार आहे, लघवीतून अंगातली प्रथिनं वाहून जातात. औषध लांबलचक होतं, आणि त्यानं अंगाची आजाराशी लढायची ताकद कमी होते म्हणून तिला गर्दीत न्यायचं नव्हतं. साधी सर्दीसुद्धा होऊ द्यायची नव्हती. शाळेत तर कुणाचं ना कुणाचं नाक वाहतंच असतं.

ती घरीच राहिली. सूज उतरायची, औषध कमी केलं की पुन्हा चढायची. एकदा पोटात पाणी होऊन ताप आला आणि अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी असली की मी रोज सकाळी दवाखान्यातून दिलेली पट्टी बुडवून तिची लघवी तपासायचे. पट्टीचा रंग हिरवा झाला, म्हणजे प्रथिनं पुन्हा जायला लागली, की मी दवाखान्याची पिशवी भरायला घ्यायचे. पुस्तकाचं कोणाला सुचत नव्हतं. शाळेतल्या बाई भेटायला आल्या तेव्हा त्याही म्हणाल्या, "आधी लेकरू बरं होऊ द्या. अभ्यासाचं पाहू मागून." दुसरी तशीच गेली, तिसरीचाही बराच भाग गेला. तिचं नाव मात्र पुढच्या वर्गात सरकत राहिलं.

ती पुन्हा शाळेत जायला लागली तेव्हा औषधानं तिचे गाल गोल झाले होते. पोरं तिला फुगा म्हणायची. ती घरी येऊन कधी रडली नाही. संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायची आणि चुलीपाशी मला ऐकू येईल असा धडा वाचायची. आवाज स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. तिचे बाबा खूश होते. एक दिवस पोळ्या करता करता मी सहज वाकून पाहिलं. ती जो धडा म्हणत होती तो त्या पानावर नव्हताच. त्या पानावर दुसऱ्याच गोष्टीचं चित्र होतं.

"काय वाचून राहिली तू?" मी विचारलं.

तिनं पुस्तक मिटलं. "वर्गात सगळे मोठ्यानं म्हणतात, मले पाठ झालं."

मी एका शब्दावर बोट ठेवलं. शब्द 'पुस्तक' होता. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पुस... पुसतक." मग 'राज्य' दाखवला. तिनं 'रा' पाहिला आणि लगेच म्हणाली, "राजा." काना, मात्रा, वेलांटीसुद्धा तिच्या हातून सुटत होती. पहिलीत येत होतं तेही पुसून गेलं होतं.

पुढच्या खेपेला मी अमरावतीच्या डॉक्टरांना विचारलं, या औषधानं डोक्यावर काही परिणाम होतो का. ते म्हणाले, "डोकं चांगलं आहे तिचं. शाळा बुडली, दुसरं काही नाही." आणि त्यांनी पुढची तारीख लिहून दिली.

मग मी दुपारी तिला घेऊन बसायला लागले. फरशीवर खडूनं अर्धा स, पूर्ण त. हळूहळू येत होतं. थंडीत पुन्हा सूज आली, पुन्हा अकोला. परत आलो तेव्हा पुन्हा अर्ध्या स पासून सुरुवात. या वेळी ती बसायला तयार नव्हती. "मले नाही येत," म्हणायची आणि अंगणात निघून जायची. तिचे बाबा म्हणायचे, "चौथीत गेली ना, येईल आपोआप." पुढे त्यांनीही ते म्हणणं सोडलं.

तोवर तिची धाकटी बहीण दुसरीत आली होती. घरी कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका आली. मोठी ती हातात धरून अक्षरं लावून नाव वाचत होती, ओठ हलत होते. धाकटीनं तिच्या खांद्यावरून डोकावून नाव, गाव, मुहूर्त, सगळं एका दमात वाचून टाकलं. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मोठीनं पत्रिका तिच्या हातात दिली आणि ती मागच्या दारानं बाहेर गेली. त्या दिवसानंतर तिनं घरात कोणासमोर काही वाचलं नाही.

आता ती सहावीत आहे. आजार मागे पडला, औषध बंद झालं, गाल उतरले. वाचता येतं, पण एकेक शब्द ओढून काढल्यासारखं. गणितातली उदाहरणं मी वाचून दाखवली तर ती चटकन करते. परीक्षेत कोण वाचून देणार? उत्तराच्या जागा कोऱ्या सोडून येते. मागच्या महिन्यात सरांचा फोन आला, की वाचायला उभं केलं तर ही नेहमी घसा दुखतो म्हणते.

"कावून नाही वाचत तू?" मी विचारलं.

"सगळे ऐकतात," ती म्हणाली. मग म्हणाली, "आई, मी ढच आहे. तू कायले त्रास करून घेतं?"

मी म्हणाले, तू ढ नाहीस, तू आजारी होतीस. तिनं मान हलवली. तिला पटलं नव्हतं.

परवा ती आपणहून इतिहासाचं पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसली. एका पानावर फार वेळ होती. काय आहे त्यात, मी विचारलं, तर तिनं सुरुवातीच्या दोन ओळी सांगितल्या, तेवढ्याच वाचून झाल्या होत्या, आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. उरलेलं पान मी तिला वाचून दाखवलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.