मानेच्या मुळाशी

रेणापूरच्या आमच्या लिंगायत घरात कधी अंडंसुद्धा आलं नाही. आणि मी पशुवैद्यकीच्या पदव्युत्तर प्रबंधाला विषय घेतला तो कोंबडीची कॅरॉटिड बॉडी. खसखशीच्या दाण्याएवढी गाठ ती. रक्तात प्राणवायू कमी पडला की मेंदूला खबर देते. ही खबर नेणारी नस तिच्यात कुठून येते, ते मला दाखवायचं होतं.

पुस्तकात लिहिलेलं, पक्ष्यांत ही गाठ मानेच्या मुळाशी, थायरॉईडच्या खाली असते. म्हणून मी चिकन सेंटरवरून माना आणायचे. माझं घर शाकाहारी आहे हे दुकानदार चाचांना ठाऊक होतं, कुणाला दिसू नये म्हणून ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्यायचे. तीन महिने माना चिरल्या. मेंदूकडून मानेतून खाली उतरणारी व्हेगस नस हाताला लागे, थोडी खाली जाई आणि तुटलेली असे. आपलाच हात जड, म्हणून मी स्वतःवर चिडायचे. शेवटी माझे मार्गदर्शक सर म्हणाले, सोमवारपर्यंत एक तरी गाठ दाखवा, नाहीतर विषय बदला. विषय बदलला की वर्ष वाया, आणि घरी पाहुणे बघायला यायला टपलेलेच होते.

शनिवारी दुकानात डोळ्यांत पाणी आलं. काय झालं म्हणून चाचांनी विचारलं, तेव्हा गाठ कुठं असते ते मी सांगून टाकलं. त्यांची सुरी थांबली.

"बेटी, मानेचं मूळ तर धडाकडंच राहतंय. तू नेती ते वरचं तुकडं हाय. खाणाऱ्या घरातली असतीस तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

मला स्वतःचा राग आला आणि हसूही. पदवीला कोंबडी बाकीचे कापायचे, मी वहीत आकृती काढायचे. त्या सोवळेपणाचं हे फळ. चाचांनी त्या दिवशी अख्खी कोंबडी दिली.

रविवारी गाठ सापडली. शेजारीच व्हेगसचा फुगीर गँगलियन, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, आणि त्यातून निघालेला एक बारीक धागा सरळ तिच्यात शिरलेला. सोमवारी सरांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं आणि विषय राहू द्या म्हणाले. मला फार आनंद झाला.

माझ्या वडिलांनी, अप्पांनी, माझ्या विषयाचं नाव कधी काढलं नव्हतं. पुढच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा जेवताना त्यांनी हळूच विचारलं, "सापडलं का गं ते?"

मी गळ्याखालच्या खळगीवर बोट ठेवून जागा दाखवली. नस कुठून येते तेही सांगितलं. ताटावर बसून कोंबडीची गोष्ट, पण त्यांनी सगळी ऐकून घेतली. मग आईकडे वळून म्हणाले, "पाहुण्यांना न्हाई म्हणून कळव. पोरीचं काम चालू हाय."