पाचव्या भागातला जेवता हात

भूतबित सगळं झूठ, असं मी आजपर्यंत छाती ठोकून सांगायचो. आता सांगतो, पण छाती जरा हळू ठोकतो. मी आठवीत लटकलेला माणूस, इंदूरात लोडिंग रिक्षा चालवतो. हे पण फोनमध्ये बोलून बोलून लिहितोय... तेव्हा शुद्धलेखनाची चूक फोनची, अकलेची माझी.

आम्ही राऊला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मी, माझा मोठा भाऊ म्हणजे दादा, आणि वहिनी. माझं लग्न नाही झालं, कारण मुलींना डोळे असतात.

दादाला आणि मला एकच शौक — एक भुताटकीचा व्हिडिओ गेम. बंद पडलेलं हॉस्पिटल, मेलेले लोक मागे लागतात, अपन जीव वाचवायचा. पहिला भाग आला तेव्हापासून प्रत्येक भाग आम्ही सोबत खेळलो. कंट्रोलर माझ्या हातात, इंग्रजी दादाच्या तोंडात. स्क्रीनवर काय लिहिलंय, कुठे वळायचं, सगळं तो सांगायचा.

वळण्याचंच तर लफडं होतं. मला डावं-उजवं कळत नाही. हो, रिक्षा चालवतो आणि कळत नाही! माल तक्रार करत नाही म्हणून धंदा चालू आहे. झालं काय, मी डावरा. लहानपणी आईने शिकवलं, "जेवतो तो हात उजवा." मी डाव्याने जेवायचो... मग माझा उजवाच डाव्या बाजूला गेला. सगळे थकले. दादाने आमच्या दोघांपुरता तोडगा काढला. माझ्यासाठी डावीकडे म्हणजे "जेवता हात". गेममध्ये तो ओरडायचा, "अबे पप्या, जेवता हात, जेवता हात!" बाकी दुनियेसाठी जेवता हात म्हणजे उजवा. वहिनीसाठीपण.

मागच्या थंडीत दादाला लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. कळतं सगळं, शब्द येत नाही. डॉक्टर बोलले, शब्द यायचा तर या सुरुवातीच्या महिन्यांतच येईल. वहिनी रोज त्याच्या समोर बसायची, "माझं नाव सांगा ना." तो तोंड उघडायचा, आवाज नाही, डोळ्यांत नुसतं पाणी.

तेवढ्यात गेमचा पाचवा भाग आला. मी दादाच्या पलंगासमोर खेळायचो, तो बघायचा. मी इतका मरायचो की गेमच मला काहीतरी विचारायचा. बहुतेक, "भिया, सोपं करू का?" इंग्रजीत होतं, मी आपलं 'नो' दाबायचो.

एका दुपारी वहिनी दादाला घेऊन महूला गेली, फिजिओथेरपीला. घरात मी एकटा. कडक ऊन, खिडकी उघडी, खाली कोणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या. असं काही व्हायचं वातावरणच नव्हतं! मी हॉस्पिटलखालच्या बोगद्यात अडकलेलो. या भागात हीरोजवळ रेडिओ आहे, त्याचा आवाज थेट कंट्रोलरच्या छोट्या स्पीकरातून येतो. एक बाई इंग्रजीत बोलते. मागून आंधळी नर्स पाय घसटत येतेय, पुढे दोन रस्ते. रेडिओ खरखरला...

"जेवत्या हाताला, पप्या."

दादाचा आवाज. तोंडात शेव भरून बोलतो ना, तसाच. मी वळलो, दरवाजा सापडला, वाचलो. घाबरलो त्यानंतर. कंट्रोलर सोफ्यावर फेकला आणि त्याला विचारलं, "हॅलो? कोण बोलतंय?" ...हे माझं डोकं!

तोच बोगदा परत खेळून बघितला. तीच बाई, तेच इंग्रजी.

चहाच्या वेळेला वहिनी दादाला धरून जिना चढली. हसत होती आणि रडत होती.

"भाऊजी, हे बोलले!"

"काय बोलले?"

"मॅडम म्हणाल्या, राइट हैंड उठाइए. यांनी डावा वर केला आणि साफ बोलले — जेवत्या हाताला." मग तिचं तोंड उतरलं. "पण डोक्यात गडबड झाली का हो? जेवता हात म्हणजे उजवा ना?"

मी जिन्यातच बसलो. तिला सगळं सांगितलं. ती विचार करून बोलली, "लकव्यापासून हे डाव्याने जेवतात, म्हणून बोलले असतील." बरोबर आहे. हाताचं समजलं. पण माझ्या रेडिओचं? मोबाइल रिपेअरवाल्या दोस्ताने कंट्रोलर खोलून बघितला. मी विचारलं, "महूहून ब्लूटूथ पकडलं असेल का?" तो बोलला, "भिया, इतनी रेंज होती तो मैं टावर बेचता."

दादाला विचारलं, तूच होतास का? पण परत सगळं बंद. ना दादा बोलला, ना रेडिओ.

मग मी काय करायचो, रोज दुपारी त्याच दोन रस्त्यांपाशी जायचो आणि मुद्दाम चुकीच्या बाजूला वळायचो. वाटायचं, चुकलो की कोणीतरी सांगेल. नर्स मला मारून टाकायची.

"भाऊजी, किती मरता?" वहिनी विचारायची.

"प्रॅक्टिस आहे वहिनी."

मागच्या आठवड्यात असाच चुकलो. नर्सने गळा पकडला, आणि आवाज आला —

"गाढवा!"

मी आधी कंट्रोलरकडे बघितलं. वहिनी कणकेच्या हातांनी धावत आली, ती पलंगाकडे बघत होती. दादा लाल झालेला. ओठ हलत होते.

"गाढवा... किती... वेळा..."

वहिनी तिथेच खाली बसली. मी बोललो, "वहिनी, आता नाव विचारा, नाव!"

ती डोळे पुसत बोलली, "माझं नाव राहू दे. आधी तुम्हाला मनसोक्त शिव्या देऊ दे त्यांना."

आता तो देतो. रोज एखादी नवीन. पण त्या दुपारी रेडिओत कोण बोललं, ते मला आजपण नाही कळलं. दादाला परत विचारलं मी. त्याने टीव्हीकडे बघितलं, बराच वेळ शब्द शोधला आणि बोलला, "खेळ."