मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर

मुलीने माझ्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून डिजिटल फोटोंशेजारी पडद्यावर लावल्या. "बाबा, डिजिटल सेन्सरपुढे तुमची फिल्म जरा मऊच, धार कमी," ती म्हणाली.

मग तिने माझ्या ताईच्या लग्नातला फोटो मोठा केला. आमच्या वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, तिचा तो एकच फोटो. दोघांचे चेहरे पुसट. मागच्या कॅलेंडरवरचे आकडे मात्र लख्ख. फिल्म असो की सेन्सर, धार कुठे पडावी हे माणूसच ठरवतो. फोकस मीच चुकून मागच्या भिंतीवर धरला होता आणि "तू हललीस" म्हणून आयुष्यभर तिलाच बोललो. एवढं कबूल करायलाही आता धीर लागतो.

फोन केला. "ताई, तू हलली नव्हतीस."

"अरे वेड्या, अण्णांनी हात घट्ट धरला होता माझा. हलणार कशी?"