पुण्याला न गेलेला जॅक

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही सुकदेवभाऊंना ओळखत नाही. ओळखत असता तर माझं तोंड उघडलं असतं का? नसतंच. मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो.

धुळ्यात माझं गॅरेजवाल्यांच्या हत्यारांचं दुकान आहे. पाने, सॉकेट, जॅक, असला माल. एका मोठ्या कंपनीची एजन्सी आहे. वॉरंटीतली वस्तू बिघडली की गिऱ्हाईक ती माझ्याकडे टाकतं, मी ती पुण्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला पाठवतो, ती दुरुस्त होऊन येते. दुकानातल्या बोर्डावर तरी तसंच लिहिलंय. पण क्लेम वाढले की कंपनीचा साहेब फोनवर असा झापतो की विचारू नका — धुळ्याची माणसं हत्यारं वापरतात की आपटतात? एजन्सी जाईल या धास्तीनं मी तेव्हा अर्धा झालेला होतो.

सुकदेवभाऊंचं शिंदखेड्याला गाड्यांचं गॅरेज आहे. त्यांचा जॅक बिघडला. गाडी उचलायचा, पण हळूहळू खाली बसायचा. तसा त्यांचा कुठल्याच जॅकवर भरवसा नव्हता म्हणा. गाडी वर गेली की आधी खाली बाभळीचा जाड ठोकळा सरकवायचे, मगच स्वतः शिरायचे. मी त्यावरून त्यांना चिडवायचो. कंपनीपेक्षा बाभूळ बरी का, भाऊ?

तो जॅक मी पुण्याला पाठवलाच नाही. आज पाठवू, उद्या पाठवू करत गोदामात ताडपत्रीखाली पडून राहिला. त्यांचा फोन आला की सांगायचो — गेलाय, येईल. आणि मग दसरा तोंडावर आला. खंडेनवमीला गॅरेजमधली सगळी हत्यारं धुऊन मांडतात, हळदकुंकू वाहतात, त्या दिवशी साधा नटही कुणी फिरवत नाही. भाऊंना जॅक पूजेत हवा होता. ज्याच्या जिवावर वर्षभर गाडीखाली शिरायचं, तोच पूजेला नाही, हे त्यांना चालणार नव्हतं. ते घ्यायला निघालेसुद्धा.

अजून आला नाही, एवढंच म्हणायचं होतं ना मला? दुकानातला दुसरा देता आला असता. का नाही दिला — आपण खोटं बोललो हे उघडं पडेल म्हणून? बहुतेक तेवढंच.

मी जॅक रॉकेलनं लख्ख पुसला. तेल भरलं. दुकानातलंच ओकेचं हिरवं स्टिकर लावलं. आणि हे सांगायला मन धजत नाही — मी तो तपासला होता. माझ्याच व्हॅनखाली लावून पाहिला. समोर उभा राहून चहा प्यायलो, आणि चहा संपेस्तोवर व्हॅन दोन बोटं खाली आलेली होती. म्हणजे मला माहीत होतं.

भाऊ आले. जॅक कपाळाला लावला. कंपनीनं पास केला ना, म्हणून विचारलं. मी मान हलवली. तिथं तरी थांबावं? पण माझी जीभ मोकळी सुटलेली. म्हणालो, "भाऊ, आता तो ठोकळा चुलीत घाला." ते हसले. मीही हसलो.

दिवाळीनंतर गाडी त्यांच्या डाव्या हातावर बसली. खाली ठोकळा नव्हता.

बातमी कळली तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? त्यांचा हात? नाही. स्टिकर. ते दवाखान्यात असताना मी शिंदखेड्याला गेलो, त्यांच्या भावाला वॉरंटीच्या चौकशीचं कारण सांगितलं, जॅक उचलून आणला आणि भंगारात तोडायला लावला — समोर उभं राहून. बदल्यात नवा कोरा जॅक घरपोच केला. कंपनीकडून, असं सांगून.

आता भाऊ जिथं जातील तिथं माझं नाव काढतात. जॅक दगा देऊन गेला तर न मागता नवा आला, अशी सर्व्हिस कुठं मिळते? त्यांच्या सांगण्यावरून दोंडाईच्याचे, बोदवडचे गॅरेजवाले माझ्याकडे येतात. भाऊंचा फोन वाजला की मी तो लगेच उचलत नाही. त्यांना आठवत असेल का, मी काय बोललो होतो ते?

परवा त्यांच्या घरी जावं लागलं, मुलीच्या साखरपुड्याला. त्यांची डावी मूठ मिटत नाही. पाना धरता येत नाही, म्हणून ते स्टुलावर बसून भावाला काम सांगतात. वहिनींनी माझ्या हातात चहा दिला आणि सहज मला म्हणाल्या, "भाऊ, यासले ठोकळा काढाले सांगं तरी कोन?"

भाऊंना ठोकळा काढायला सांगितलं कुणी, हे वहिनींना कळत नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. नीट, डोळ्यांत डोळे घालून पाहिलं. मग बायकोकडे वळून म्हणाले, "कोन्ही सांगं नही. बठ्ठी चूक मनीच शे."

कुणी नाही म्हणे, सगळी चूक त्यांचीच. त्यांना आठवतंय. मला वाचवायला ते बायकोशी खोटं बोलले. चेष्टेत निघालेला एक शब्द म्हणून त्यांनी मला माफ करून टाकलंय. जॅक पुण्याला गेलाच नव्हता, तो बसतोय हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं, हे त्यांना अजून माहीत नाही.

मी चहा प्यायलो. चांगला झालाय म्हणालो.