गजरावर लागणारे दिवे

हैबती ढेबे रागीट आहे, हे भोरात सगळ्यांना माहीत होतं. तो कशावरून रागावतो, हे फारसं कुणी विचारलं नाही.

वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पदरात धनगरांची सात-आठ घरं होती, तिथला तो. विसाव्या वर्षापर्यंत त्यानं शेरडं-मेंढरं राखली. भोरात विजेचे खांब रोवायला माणसं हवी होती म्हणून खाली उतरला. खड्डे खणता खणता पुण्याच्या एका वायरमनच्या हाताखाली गेला, तारा ओढायला शिकला आणि पाच-सहा वर्षांत एकट्यानं घरांचं फिटिंग करू लागला. काम चोख. पण लोक समोर "हैबती, हैबती" करायचे आणि तो वळला की म्हणायचे, "धनगराला दिव्यातलं काय कळतंय?" एकानं तर त्याचं फिटिंग दुसऱ्याकडून तपासून घेतलं. ते कळल्यावर हैबती त्या घरच्या वास्तुशांतीच्या पंगतीतून ताट तसंच टाकून उठला होता.

महाडच्या रस्त्याला आनंदरावांचा बंगला होता. आनंदराव लाकूड-कोळशाचे मक्तेदार. बंगल्याच्या बाहेर सहा दिवे होते: दोन फाटकावर, दोन पडवीला, एक गोठ्यावर, एक कोळशाच्या वखारीवर. त्यांचं फिटिंग हैबतीनंच केलं होतं. तेव्हाच दोघांची बाचाबाची झाली होती. हैबतीचं म्हणणं, सहाही दिव्यांचं बटण आतल्या खोलीत घ्या. आनंदरावांचं म्हणणं, बटण वखारीच्या बाहेरच्या भिंतीवर पाहिजे.

"मालक, पावसाची झड लागती तितं," हैबती म्हणाला.

"दिवे लावायला सोजरा आहे. ती रोज दोनदा घरात शिरणार का? कोळशाचे पाय घेऊन? वरून पत्रा मार आणि मोकळा हो."

हैबतीनं पत्रा मारला. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा सांगितलं, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातही सांगितलं. आनंदराव दोन्ही वेळा म्हणाले, "बघू दिवाळीनंतर."

सोजराबाई पन्नाशीची विधवा. गोठा झाडायचा, वखारीत कोळशाच्या गोणी शिवायच्या, दिवस मावळताना दिवे लावायचे आणि पहाटे मालवायचे, हे तिचं काम. त्यासाठी तिला फाटकाजवळ एक खोली राहायला दिली होती. चूल, दोन भांडी, एक गोधडी. मूलबाळ नव्हतं, माहेर तुटलेलं. ती खोली हेच तिचं घर.

दुसरं महायुद्ध संपलं त्या साली श्रावणात चार दिवस झड लागून राहिली. चौथ्या दिवशी संध्याकाळी सोजराबाईनं बटणाला हात लावला आणि ती गोठ्याच्या दगडावर जाऊन आदळली. जीव वाचला. उजव्या हाताची बोटं भाजून आखडली ती पुन्हा सरळ झाली नाहीत.

दुसऱ्या दिवशी हैबती बंगल्यावर गेला तो दारातूनच ओरडत. "तीनदा सांगितलं हुतं तुमास्नी! तीनदा!"

आनंदराव पान लावत होते. "ओल्या हातानं धरलं बाईनं. त्याला मी काय करू?"

"पावसात कोरडा हात कुटनं आनायचा तिनं?"

"एवढा कळवळा आहे, तर असं काहीतरी कर की कुणी हात लावायलाच नको. बोलायला काय जातंय?"

आनंदराव उडवून लावण्यासाठी बोलले होते. हैबतीनं ते मनाला लावून घेतलं. त्याच रागात तो पुण्याला गेला आणि जुन्या बाजारातून गजराची दोन घड्याळं घेऊन आला. दीड महिना तो रोज काम उरकून त्यांच्याशी झटत होता. गजर वाजू लागला की घड्याळाच्या पाठीमागची किल्ली उलटी फिरते, हे त्यानं पाहिलं होतं. त्या किल्लीत त्यानं एक खुंटी अडकवली. गजर झाला की खुंटी सुटायची, तिच्यावर टांगलेलं वजन खाली यायचं आणि वजनाची दोरी बटणाची पितळी दांडी ओढायची. संध्याकाळचं घड्याळ दांडी खाली ओढी, दिवे लागत. पहाटेचं घड्याळ कप्पीवरून तीच दांडी वर ओढी, दिवे मालवत. एकाला दुपारी चावी द्यायची, दुसऱ्याला रात्री जेवणं झाल्यावर, आणि वजनं पुन्हा वर चढवायची. बस्स.

हे सगळं त्यानं एका सागवानी पेटीत बसवलं आणि पेटी आनंदरावांच्या कचेरीच्या खोलीत ठोकली. बटणही तिथंच आणलं. बाहेरच्या भिंतीवर आता तार उरली नव्हती. घड्याळं हैबतीचीच होती. दिवाळीपर्यंत चालतात का बघायचं आणि मग ठरवायचं, असं बोलणं झालं होतं.

पहिल्या संध्याकाळी फाटकाशी चाळीस-पन्नास माणसं जमली. आत गजर खणखणला आणि सहाही दिवे एकदम लागले. बायका दचकल्या, कुणी टाळ्या पिटल्या. आनंदरावांनी हैबतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आमच्या हैबतीचं डोकं बरं का! पुण्यात नाही असलं!"

हैबतीला इतकं बरं याआधी कधी वाटलं नव्हतं. घरी येऊन त्यानं बायकोला, चंद्राबाईला सगळं दोनदा सांगितलं. त्या आठवड्यात आणखी तीन घरांनी त्याला तशीच पेटी करायला सांगितली.

नवव्या दिवशी दुपारी सोजराबाई त्याच्या दारात उभी राहिली. डाव्या बगलेत गोधडीची वळकटी, डोक्यावर पाटीत भांडी.

"या मावशी," चंद्राबाई म्हणाली. "पाटी उतरा आदी."

"मी बसाया न्हाई आले." सोजराबाई हैबतीकडे बघत होती. "खोली खाली करून घेतली मालकानं. म्हनलं, दिवं तर आता आपोआप लागत्यात, गोनी तुला शिवता येत न्हाईत, गोठा झाडाया दुसरी बाई ठिवतो, मग तू कशाला? झालं तुजं समादान, हैबती?"

हैबती उठून उभा राहिला. "मावशे, म्या तर तुज्यासाठीच केलं..."

"माज्यासाठी?" तिचा आवाज चिरकला. "मला इचारलंस का एकदा तरी? हात गेला तरी डाव्या हातानं दिवं लावीत हुते मी. काठीनं दाबीत हुते बटन, पर लावीत हुते. तेवढंच काम ऱ्हायलं हुतं माज्याकडं. तेबी तू पेटीत घातलंस आन् टाळ्या घेतल्यास!"

सोजराबाई वळून चालू लागली. चंद्राबाईनं पळत जाऊन तिला धरलं, पाटी उतरवून घेतली आणि हाताला धरून मागच्या दारानं घरात आणलं. पुढच्या दारानं ती यायला तयार नव्हती.

हैबती तसाच बंगल्यावर गेला.

"तिची खोली तिला परत द्या," तो म्हणाला.

आनंदरावांनी कागद बाजूला ठेवले. ते अजिबात चिडले नाहीत, हे हैबतीला जास्त लागलं. "अरे, तूच म्हणालास ना, बाईला त्या बटणाशी जाऊ देऊ नका? तुझंच ऐकलं मी. आता तिला बसवून काय करू?"

"हात तुमच्या भितीवर गेला तिचा!"

"भिंत माझी, पण फिटिंग कुणाचं? तुझंच ना?"

हैबतीनं पेटीचं दार उघडलं. दोऱ्या सोडल्या, वजनं काढली, दोन्ही घड्याळं उचलली. आनंदराव "हात लावू नकोस!" म्हणेपर्यंत तो अंगणात पोचला होता. तिथं त्यानं एक घड्याळ दगडावर आपटलं. काच फुटली, चाकं उडाली, गजर क्षणभर वाजला आणि थांबला. वखारीवरचे गडी बघत राहिले.

पायरीवर उभे राहून आनंदराव हसले. "तुझंच घड्याळ फोडलंस की रे! माझं काय गेलं?"

ते खरं होतं. कल्पना सगळ्या गावानं पाहिली होती. महिन्याच्या आत पुण्याचा एक फिटर येऊन नवी घड्याळं बसवून गेला आणि बंगल्याचे दिवे पुन्हा गजरावर लागू लागले. बाकीच्या तीन घरांना हैबतीनं स्वतःच नाही म्हणून सांगितलं. त्यातल्या दोघांनी त्याच फिटरला बोलावलं.

सोजराबाई हैबतीच्या घरी राहिली. चंद्राबाईशी बोलायची, शेजारणींशी बोलायची, हैबतीशी नाही. तो समोर बसलेला असला तरी म्हणायची, "चंद्रे, त्याला सांग, पानी तापलंय." हैबती मान खाली घालून उठायचा. बाहेर कुणी वाकडं बोललं तर अंगावर जाणारा माणूस घरात या बाईपुढं शब्द काढत नसे. चंद्राबाई एकदा तिच्यावर चिडली, तर तो बायकोलाच म्हणाला, "तू मदी पडू नगंस."

पुढच्या वर्षी आषाढाच्या शेवटाला अंबूबाई नावाची बाई घरी आली. आनंदरावांकडं आता गोठ्याचं काम ती करत होती.

"सोजरामावशी," ती म्हणाली, "तुमचा हात कसा गेला हुता? मला झिनझिन्या येत्यात बटनाला हात लावला की."

हैबती ओसरीवर पक्कड पुसत बसला होता. त्यानं मान वर केली. "कंचं बटन? बाहीर बटन न्हाई आता."

"हाय की. पेटी सारकी बंद पडती. म्हनून त्या पुन्याच्या मानसानं वखारीच्या भितीवर दुसरं बसवून दिलंय. घड्याळ थांबलं की मीच लावते दिवं."

सोजराबाई भिंतीला हात टेकून उठली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं हैबतीकडं सरळ बघितलं.

"ऊट," ती म्हणाली.

भर दुपारी भुरभुर पावसात दोघं बंगल्यावर गेली. पडवीत आनंदराव पाहुण्यांबरोबर चहा घेत होते. हैबती कुणाकडंही न बघता कचेरीच्या खोलीत शिरला, मेन स्विच पाडला, दोन्ही फ्यूज उपसून खिशात घातले आणि पडवीच्या पायरीवर येऊन बसला.

"काय चाललंय हे?" आनंदराव उठले.

"बाहीरचं बटन आत घेत न्हाई तवर लाईट न्हाई. संद्याकाळी कंदील लावा."

"चोरी आहे ही! फौजदाराला बोलावीन!"

"बोलवा," सोजराबाई म्हणाली. ती पावसात अंगणातच उभी होती. "मला बी सांगायचंय त्यास्नी." तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि पाहुण्यांना दिसेल असा पुढं धरला. बोटं तळव्यात मुडपलेली होती. "ह्यो बगा. वरीस होत आलं, मालकांनी अजून बगितला न्हाई."

"बाई, झालं ते झालं आता..."

"तुमचं झालं! माजं रोज व्हतंय! भाकर थापता येत न्हाई मला, येनी घालता येत न्हाई. दुसऱ्याची बायकू माजी येनी घालती. आन् त्याच भितीवर तुमी अंबूला हुबी करता? ती तरनी हाय. तिची पोरं ल्हान हायत. शरम वाटू द्या!"

एका पाहुण्यानं कप खाली ठेवला. ते वयस्कर गृहस्थ होते. ते हळूच म्हणाले, "आनंदराव, बटणाचं काय ते आत्ताच करून टाका."

आनंदरावांनी एकदा पाहुण्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "कर बाबा काय करायचं ते."

हैबतीनं संध्याकाळच्या आत बाहेरची तार मुळापासून काढली, बटण कचेरीच्या दाराशी कोरड्यात बसवलं आणि आनंदरावांच्या समोर अंबूबाईला सांगितलं, "कोळशाचं पाय आसलं तरी हितंच यायचं." मग फ्यूज लावले. खोली काही सोजराबाईला परत मिळाली नाही. तिच्यात आता रिकाम्या गोणी भरलेल्या होत्या. तिनं तिकडं पाहिलंही नाही.

त्या दिवसानंतर भोरातल्या मोठ्या घरांनी हैबतीला बोलावणं सोडलं. तो नसरापूरकडं कामं धरू लागला. उसाच्या चरकांची, पिठाच्या गिरण्यांची. तिथंही त्याची भांडणं झालीच.

बंगल्यावरून परतताना वाटेत त्यानं सोजराबाईला विचारलं होतं, "मावशे, राग गेला का माज्यावरचा?"

"न्हाई," ती म्हणाली, आणि चिखल चुकवत पुढं चालत राहिली. थोडं गेल्यावर थांबून तिनं मागं बघितलं. "चल लवकर. भिजतोयास."