काळ्या कोटाची काजं

मास्तरांच्या शिलाईच्या दुकानात दोन गोष्टी दिवसभर थांबत नसत: त्यांची कात्री आणि त्यांची जीभ. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, मधे एक पडदा. पडद्यामागे मास्तरीणबाई काजं-बटणं करत बसायच्या. शिलाई मास्तरांची असली, तरी गिऱ्हाईक यायचं ते बाईंच्या काजांवर. हे मास्तरांना पक्कं ठाऊक होतं, पण चारचौघांत त्यांनी ते कधी कबूल केलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी एका सकाळी दोरा ओवता ओवता बाई बाजूला कलंडल्या. अर्धांगाचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पुढे एकेक शब्द परत आला. पाणी. नको. उजेड. समजत सगळं होतं, जुळवता येत नव्हतं. घरी येणाऱ्या थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, "दोन-तीन शब्द जोडून स्वतःहून बोलल्या की गाडी रुळावर आली समजा. आणि मास्तर, त्यांच्या तोंडातला शब्द तुम्ही ओढून घेऊ नका. थांबायचं."

थांबायचं! मास्तरांना पाण्यात बुडवलं असतं तरी ते बुडबुड्यांतून बोलले असते. पण थांबले बिचारे, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. घास भरवायला शिकले, वेणी घालायला शिकले. वेणी तिरकी यायची, तेव्हा बाई आरशात बघून कपाळाला डावा हात लावायच्या. आणि ते पहिलं वाक्य कधी येतंय, याकडे मास्तरांचे कान लागलेले असायचे.

हाताला ओळखीचं काम द्या, असंही मॅडमनी सांगितलं होतं. म्हणून मास्तरांनी चिंध्या दिल्या. लुळ्या उजव्या हाताच्या वजनानं कापड दाबायचं आणि डाव्या हातानं काज करायचं. दोन महिन्यांनी बाईंनी चिंधी बाजूला सारली आणि खुंटीवरच्या वकीलसाहेबांच्या कोटाकडे बोट दाखवलं.

"तो."

काळं कापड, काळा दोरा. धडधाकट माणसाचे डोळे फिरतील असं काम. पण बाईंचा चेहरा बघून मास्तरांनी कोट दिला. तीन काजांना सहा दिवस लागले. एक वाकडं, एक फुगलेलं, तिसऱ्याला तर टाके कमी आणि गाठी जास्त. "झकास!" मास्तर म्हणाले. दुपारी बाईंचा डोळा लागला की सगळं उसवून पुन्हा करायचं, असं त्यांनी मनात ठरवूनही टाकलं. पण दुपार व्हायच्या आतच वकीलसाहेब दारात उभे.

त्यांनी कोट उजेडात धरला. "मास्तर, ही काजं कुणी केली? मास्तरीणबाईंचा हात नाही हा."

झालं. उचलली जीभ लावली टाळ्याला. "छे हो साहेब! नवी पोरगी ठेवलीय. शिकतेय अजून. उद्या या, उसवून नीट करून ठेवतो. आणि तिला झापतो चांगलं."

"झापू नका हो. शिकेल."

पडद्यामागे बाईंच्या बोटातली सुईची टोपी, अंगुस्तान, फरशीवर पडलं आणि घरंगळत गेलं.

वकीलसाहेब गेले तरी मास्तरांना पडदा सारायचा धीर होईना. बायकोची अब्रू राखली आपण, असं त्यांनी स्वतःला सांगून बघितलं. पटलं नाही. त्यांना लाज वाटली होती, आपल्याच बायकोची. जिच्या हातावर दुकान चाललं, तिला त्यांनी एका गिऱ्हाइकासमोर नाकारलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी आत गेले. "अगं, तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"नको," बाई म्हणाल्या. सुईची डबी बंद होती. ती त्यांनी पुन्हा उघडली नाही. आता ती उघडणारच नाही, या भीतीनं मास्तरांना दिवसभर जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कोट आणि ब्लेड घेऊन बसले. पण हात चालेना. वकीलसाहेब आले तेव्हा तिन्ही काजं तशीच होती. खरं सांगायला मास्तरांनी तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांची जीभ अडली.

पडदा हलला. भिंतीला धरून, पाय ओढत बाई बाहेर आल्या. मास्तरांच्या हातातला कोट त्यांनी डाव्या हातानं घेतला आणि वकीलसाहेबांपुढे धरला.

"नवी... पोरगी..."

पुढचा शब्द मास्तरांना माहीत होता. पण ओढून घ्यायचा नव्हता. ते मान खाली घालून थांबले.

"...मी."

वकीलसाहेबांनी कोट अंगात घातला, तिन्ही बटणं लावली आणि बाईंना नमस्कार करून गेले.

संध्याकाळी मॅडम आल्या. "वाक्य बोलली," मास्तर पुटपुटले. मॅडमनी टाळीच वाजवली. "अरे वा! काय बोलल्या?"

मास्तरांच्या तोंडून शब्द फुटेना. बाईंनी डबी उघडून सुई काढली होती. त्या नवऱ्याकडे बघत होत्या, त्याचा शब्द ओढून न घेता, थांबून.